चार ग्रीझर, लेदर जाकीट एकच

प्रश्न असा आला आहे: ‘आमच्या एकांकिकेत १९५८ सालच्या शिकागोतले चार ग्रीझर आहेत. चौघांना काळी लेदर जाकिटं, निळी जीन्स आणि केसांचा फुगा द्यायचं ठरलंय. आणखी काय लागेल? आणि ही मुलं नेमकी कशाविरुद्ध बंड करत होती, हे नटांना कसं समजावू?’

ग्रीझर म्हणजे केस वंगण चोपडल्यासारखे चमकवणारी, कामगारवस्तीतली अमेरिकन पोरं. तू हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेस, पण माझ्या दृष्टीने तो एकच प्रश्न आहे. तीस वर्षांहून जास्त काळ मी नाटकांची ड्रेपरी आणि केशभूषा करते आहे. त्या अनुभवावरून सांगते, या मुलांचं बंड त्यांच्या तोंडच्या वाक्यांत फारसं सापडत नाही, कपड्यांत आणि केसांत सापडतं. म्हणून आधी कपडे ठरवू. बंडाचं उत्तर त्यातूनच निघेल.

पहिलं काम म्हणजे चारपैकी तीन जाकिटं परत कर. बरीच वर्षं झाली, अशाच एका नाटकासाठी मीही पाच पोरांना पाच काळी जाकिटं चढवली होती. प्रयोगानंतर एक वयस्कर इंजिनियर विंगेत भेटायला आले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीला ते शिकायला शिकागोत होते. म्हणाले, ‘काम छान झालं. पण त्या गल्लीत पाच जाकिटं कुणाच्या बापाला परवडली असती?’ त्या रात्री मी हिशेब मांडला. अमेरिकेतलं किमान वेतन १९५६ च्या मार्चपासून ताशी एक डॉलर होतं. गॅरेजमध्ये किंवा किराण्याच्या दुकानात अर्धवेळ राबणाऱ्या मुलाला अस्सल चामड्याचं जाकीट म्हणजे कित्येक आठवड्यांची कमाई. चौघांत एखाद्याकडेच ते असणार. ज्याच्याकडे आहे तो उन्हाळ्यातही ते काढणार नाही, आणि बाकीचे तिघे त्याच्याकडे बघत राहणार. हे एवढं जरी तू रंगमंचावर आणलंस, तरी चौघांमधलं नातं एकही संवाद न वाढवता उभं राहील.

मग पाचही जाकिटांचं चित्र आपल्या डोक्यात आलं कुठून? समोर तिरकी चेन असलेलं ते जाकीट न्यूयॉर्कच्या शॉट कंपनीने १९२८ मध्ये मोटारसायकलवाल्यांसाठी बनवलं. पडल्यावर कातडी सोलली जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. १९४७ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात मोटारसायकलींचा मेळावा भरला आणि तिथे दारू पिऊन धिंगाणा झाला. ‘लाइफ’ मासिकाने मोटारसायकलवर रेललेल्या, हातात बाटल्या धरलेल्या एका माणसाचा फोटो छापला. पायाशी बाटल्यांचा खच होता. त्या बाटल्या फोटोसाठी मुद्दाम रचल्या होत्या, असं तिथे हजर असलेल्या एकाने पुढे सांगितलं. पण देशाला भीती बसायची ती बसलीच. त्या घटनेच्या आधारावरच्या, १९५३ च्या अखेरीला आलेल्या ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटात मार्लन ब्रँडोने ते जाकीट घातलं, आणि शाळांनी जाकिटावर बंदी आणायला सुरुवात केली. नंतर सत्तरच्या दशकात अमेरिकेला पन्नासच्या दशकाची आठवण दाटून आली. ‘ग्रीज’ हे संगीत नाटक १९७१ मध्ये शिकागोतच उभं राहिलं, पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर गेलं आणि १९७८ मध्ये त्याचा चित्रपट झाला. आज आपण ज्याला ‘पन्नासचं दशक’ म्हणून ओळखतो, त्यातलं बरंचसं या आठवणीच्या दशकात शिवलेलं आहे. तुला १९५८ दाखवायचं आहे, त्यामुळे मधली ती वीस वर्षं आधी उसवावी लागतील.

उरलेल्या तिघांना काय द्यायचं? एकाला बापाचं कामावरचं कापडी जाकीट, चेनचं, कोपरावर विटलेलं. एकाला नुसता पांढरा टी-शर्ट. तिसऱ्याला स्वेटर दे. हे ऐकून तुझे नट नाराज होतील, पण शिकागोच्या टोळ्यांचं हे खास वैशिष्ट्य होतं. त्यांच्या क्लबचे विणलेले कार्डिगन असत, ठरलेल्या दोन रंगांचे, छातीवर क्लबचं चिन्ह. म्हणजे शाळेच्या खेळाडूंना मिळणाऱ्या मानाच्या स्वेटरला यांनी गल्लीतून दिलेलं उत्तरच. शाळा आपल्याला कधी स्वेटर देणार नाही, हे कळून चुकलेल्या पोरांनी स्वतःच विणून घेतलेला तो मान आहे. मला विचारशील तर लेदर जाकिटापेक्षा हा स्वेटर जास्त बोलतो.

टी-शर्टबद्दल एक गोष्ट नटांना नक्की सांग. तो त्या काळी आतला कपडा होता. अमेरिकन आरमाराने खलाशांना शर्टाच्या आत घालायला दिलेला, आणि महायुद्धावरून परतलेले लाखो पुरुष घरात, अंगणात, गाडीखाली झोपून नटबोल्ट पिळताना घालत तो. आपल्याकडे कुणी नुसत्या बनियनवर शाळेच्या फाटकात जाऊन उभं राहावं, तसं ते दिसायचं. हे नटाच्या अंगात भिनलं की त्याची उभं राहण्याची पद्धत बदलते. त्याला थोडी उघडं पडल्याची जाणीव असते आणि ती झाकायला तो छाती जरा पुढे काढतो.

जीन्स मात्र आजची चालणार नाही. आजच्या पँटीत ताणणारा धागा असतो, ती पायाला चिकटते आणि गुडघ्याला मऊ पडते. तुला न धुतलेलं, कडक, गडद निळं डेनिम हवं. बाजारात मिळालं नाही तर कापड घेऊन शिवून घे, सरळ पायाची, कमरेला वर बसणारी. लांबी चार बोटं जास्त ठेव आणि पाय बाहेरून दुमड. ते दुमडणं फॅशन म्हणून सुरू झालेलं नाही. कच्चं डेनिम पहिल्या धुण्याला आटायचं, शिवाय पोरगं उंचीला वाढतंय, म्हणून आई लांबच घ्यायची. आपल्या आयांनी ‘वाढत्या अंगाचे’ कपडे घेतले, तोच हिशेब. पायात जाड तळाचे, कामगार घालत ते बूट. कारखान्याच्या फरशीवरून चालून आलेले वाटले पाहिजेत, तेव्हा पॉलिश करू नकोस.

हे सगळं एकत्र मांडून बघ. गोदी, गिरणी, गॅरेज आणि सैन्य इथले कपडे आहेत हे. बापाचे कपडे. मग बंड कसलं? इथेच बहुतेक नटांची गल्लत होते. ते बापावर ओरडणारा मुलगा उभा करतात. बापाशी भांडणारा, चांगल्या घरातला, आतून तुटलेला मुलगा हे पडद्यावरचं वेगळं पात्र आहे. तुझ्या चौघांचे बाप पोलिश, इटालियन, आयरिश कामगार आहेत, आणि पोरं त्यांचेच कपडे घालून अशा जागी जाताहेत, जिथे त्या कपड्यांची लाज वाटायला हवी अशी सगळ्यांची अपेक्षा आहे. त्यांनी लाज वाटून घेतली नाही. माझ्या मते त्यांचं बंड ते हेच.

ती जागा म्हणजे शाळा. युद्धाआधीच्या पिढ्यांत कामगारांची मुलं चौदा-पंधराव्या वर्षी कामाला लागायची. युद्धानंतर बहुतेक सगळीच हायस्कुलात येऊन बसली, डॉक्टरचा मुलगा आणि खाटकाचा मुलगा एका छताखाली. छत एक असलं तरी वाटा दोन होत्या. एक कॉलेजकडे जाणारी, दुसरी ‘शॉप’कडे, म्हणजे लेथ, वेल्डिंग, सुतारकाम, गाडीदुरुस्ती. तुझ्या नाटकाचं साल इथे फार कामाचं आहे. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली, आणि १९५८ च्या सप्टेंबरमध्ये शिक्षणासाठी केंद्राचा मोठा कायदा झाला. विज्ञान, गणित, परकीय भाषा यांवर पैसा आला. हुशार मुलं शोधून काढायची मोहीमच सुरू झाली. शॉपच्या वर्गात बसलेल्या मुलाला त्यातून काय ऐकू आलं असेल? देशाला कोण हवं आहे आणि कोण नको, हे त्याला वर्गाच्या खिडकीतून दिसत होतं.

आणि बापाची वाट तरी शाबूत होती का? शिकागोच्या दक्षिण भागातल्या युनियन स्टॉक यार्ड्सवर, त्या प्रचंड कत्तलखान्यांवर, हजारो कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या जगली. पन्नासच्या दशकात मोठ्या मांस कंपन्या तिथून गाशा गुंडाळू लागल्या होत्या. १९७१ मध्ये यार्ड कायमचं बंद झालं. १९५८ मधल्या सोळा वर्षांच्या मुलाला हे शब्दांत सांगता आलं नसतं, पण शेजारच्या काकांचं काम सुटलंय हे त्याला ठाऊक असणार. या मुलांवर लिहिताना लोक गाणी आणि गाड्यांवर पानंच्या पानं भरतात आणि या बंद पडत चाललेल्या फाटकांना एक ओळ देतात, याची मला खंत वाटते.

त्यांना नको म्हणणारी शाळा एकटी नव्हती. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमध्ये मॅकडोनाल्ड बंधूंचं गाडीत बसून खायचं हॉटेल जोरात चालायचं. ते त्यांनी १९४८ मध्ये काही महिने बंद ठेवलं आणि पुन्हा उघडलं तेव्हा गाडीपाशी येऊन वाढणाऱ्या मुली काढून टाकल्या, बशा आणि काटेचमचे काढून टाकले. कारणं अनेक होती, त्यातलं एक असं की त्या मुलींभोवती घुटमळणारी पोरं नकोत, कुटुंबं यावीत. वॉशिंग्टनमध्ये सेनेटची एक उपसमिती १९५३ पासून ‘बालगुन्हेगारी’ची चौकशी करत होती. १९५४ मध्ये तिने कॉमिक्सना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आणि हे चालू असतानाच बाजार याच वयाच्या मुलांना गिऱ्हाईक म्हणून डोक्यावर घेत होता. १९५९ मध्ये ‘लाइफ’ने किशोरांची खरेदी वर्षाला दहा अब्ज डॉलरची असल्याचा लेख छापला. त्यातलं फारच थोडं तुझ्या चौघांच्या खिशातलं होतं.

आता केस. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळा जीव तिथेच आहे. कपडे संध्याकाळी खुंटीला टांगता येतात, केस डोक्यावरच राहतात. वर्गात, चर्चमध्ये, जेवणाच्या टेबलावर, सगळीकडे.

पुढून उंच वळवलेल्या केसांना आपण कोंबडा म्हणतो. तो काढणं सोपं. खरी कारागिरी मागे आहे. दोन्ही बाजूंचे केस मागे ओढून मानेवर मध्यभागी भेटवायचे आणि तिथे कंगव्याच्या टोकाने उभी शिवण पाडायची, बदकाच्या शेपटीसारखी. त्यासाठी कानावरचे केस लांब लागतात. आजची मुलं बाजू मशिनने उडवतात, तशा डोक्यावर ही शेपटी जन्मात बसणार नाही. तेव्हा आजच चौघांना ताकीद दे: प्रयोगापर्यंत न्हाव्याकडे जायचं नाही. निदान तीन महिने हाताशी हवेत.

लावायला खोबरेल तेल नको. ते दिव्यांच्या उष्णतेने कपाळावर ओघळतं आणि केस चापून बसतात. जेलही नको. ते वाळून कडक होतं, मग कंगवा फिरत नाही, आणि कंगवा तर सतत फिरला पाहिजे. माझी पद्धत अशी: पातेल्यात पाणी तापत ठेवायचं, त्यात स्टीलची वाटी. वाटीत चार भाग पेट्रोलियम जेली आणि एक भाग मधमाशीचं मेण. विरघळलं की डबीत ओतून थंड करायचं. झालं मळण, म्हणजे केसांना लावायचा मेणट लेप. लावताना बोटभर घेऊन तळहातांत इतकं चोळायचं की हात गरम होतात आणि मळणाचा पांढुरकेपणा जाऊन ते काचेसारखं दिसतं. मग किंचित ओल्या केसांत मुळापासून. चमक ओली दिसायला हवी. या चमकेवरूनच तर नाव पडलं, असं सगळे सांगतात.

पण नावाची गोष्ट इतकी सरळ नाही. ‘ग्रीझर’ ही मेक्सिकन माणसाला द्यायची शिवी होती, शंभर वर्षांपासूनची. कॅलिफोर्नियात १८५५ मध्ये भटक्यांविरुद्ध झालेल्या कायद्याच्या मजकुरातच हा शब्द होता. पुढे तो तेलकट केसांच्या सगळ्याच गरीब पोरांवर चिकटला. पन्नासच्या दशकात प्रत्येक शहरात या मुलांना वेगळं नाव होतं. कुठे हूड, कुठे रॉक, बाल्टिमोरमध्ये ड्रेप. ‘ग्रीझर’ देशभर पक्कं झालं ते नंतर, विशेषतः टल्सामधल्या एस. ई. हिंटनने शाळेत असतानाच लिहायला घेतलेली ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी १९६७ मध्ये आल्यावर. म्हणून संवादांत चौघं एकमेकांना उठसूट ‘ग्रीझर’ म्हणत असतील तर ते कापून टाक. दुसरा कुणीतरी त्यांना म्हणू दे. ते ऐकताना त्यांचे चेहरे काय होतात, ते दाखव.

केसांची ती मागची शेपटीही मुळात त्यांची स्वतःची नव्हती. लॉस एंजेलिसमधली मेक्सिकन-अमेरिकन मुलं, पाचुको, तसे केस ठेवत आणि लांब कोट, घोळदार पँट घालत. युद्धामुळे कापडावर निर्बंध असताना एवढं कापड अंगावर मिरवणं देशद्रोह ठरवलं गेलं. १९४३ च्या जूनमध्ये खलाशी आणि सैनिकांनी त्यांना रस्त्यात गाठून मारलं, कपडे उतरवले. केसाला लावायच्या मळणाचं तसंच. मरे’ज हे प्रसिद्ध पोमेड शिकागोतल्या एका कृष्णवर्णीय न्हाव्याने विसाच्या दशकात काढलं. आणि चक बेरी या रॉक अँड रोलच्या कृष्णवर्णीय गायकाने पहिली मोठी तबकडी १९५५ मध्ये शिकागोच्याच चेस कंपनीत ध्वनिमुद्रित केली. त्याआधी त्याने मोटारीच्या कारखान्यात काम केलं होतं आणि केशरचनेचं शिक्षणही घेतलं होतं. तुझ्या चौघांनी हे सगळं उचललं. ज्यांचं उचललं त्यांना गल्लीत मात्र येऊ दिलं नाही.

हे नाटकात कुठेतरी यायला हवं, याबद्दल माझं मत ठाम आहे. १९५३ मध्ये शिकागोच्या ट्रंबुल पार्क वसाहतीत एक कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं, तेव्हा गोऱ्या जमावाने दगडफेक सुरू केली आणि तो छळ वर्षानुवर्षं चालला. दगड मारणाऱ्यांत शाळकरी वयाची पोरं होती. १९५७ च्या मार्चमध्ये बसची वाट पाहत उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या टोळीतल्या मुलाने डोक्यात हातोडा घालून मारलं. त्या टोळीचं नाव होतं ‘रेबेल्स’. बंडखोर. तुझा प्रश्न ‘कशाविरुद्ध बंड’ असा आहे, म्हणून हे सांगितलं. वरून नाकारली गेलेली ही पोरं आपल्याहून खालच्या ठरवलेल्यांवर तुटून पडली, हेही त्याच गोष्टीतलं आहे. त्यांच्यावर माया करूनच नाटक कर, पण धुवून काढू नकोस.

एकांकिकेत एक मुलगी आहे असं तू पुढे लिहिलंस, आणि तिला घोळदार, छापील कुत्र्याचा स्कर्ट दिला आहेस. तो तिचा नाही. तिला घट्ट सरळ स्कर्ट दे, भावाचा शर्ट, डोळ्यांना काळी रेघ, आणि केसांत गुंडाळ्या असतील तेव्हा वरून रुमाल. तिच्या बंडाची किंमत चौघांपेक्षा जास्त होती. अमेरिकेत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींमध्ये बाळंतपणाचं प्रमाण १९५७ मध्ये इतिहासातलं सर्वांत जास्त होतं, हजारी सुमारे ९६. त्यातल्या बहुतेकींची लग्नं झालेली होती, म्हणजे पुष्कळदा घाईने लावून दिलेली. दिवस गेलेल्या मुलीला शाळा काढून टाकायच्या, ज्याच्यापासून राहिले तो मुलगा वर्गात बसलेला असायचा. ती हसताना दाराकडे एकदा बघून घेते, एवढं नटीला सांग.

हातातल्या वस्तू कमीच ठेव. खटक्याच्या चाकूवर केंद्राचा कायदा १९५८ च्या ऑगस्टमध्येच झाला, म्हणजे वर्तमानपत्रांत त्याची दहशत होती. तरी चौघांत एकच चाकू पुरे, आणि तो उघडला नाही तर उत्तम. कंगवा मात्र प्रत्येकाच्या मागच्या खिशात. सिगारेटचं मऊ पाकीट टी-शर्टच्या बाहीत गुंडाळलेलं, कारण कडक जीन्सच्या खिशात ते चुरगळतं. कंगवा फिरवताना दुसरा तळहात लगेच मागोमाग केसांवरून जातो. डाव्या-उजव्या हाताची ही लय बसायला दोन आठवडे लागतात, तेव्हा पहिल्या तालमीपासून कंगवे दे.

आणखी एक गोष्ट तुझ्या सालाने तुला आयती दिली आहे. १९५८ च्या २४ मार्चला रॉक अँड रोलचा गाजलेला गायक एल्व्हिस प्रेस्ली सक्तीच्या भरतीत सैन्यात दाखल झाला आणि दुसऱ्या दिवशी अर्कान्सामधल्या फोर्ट चॅफीला, छायाचित्रकारांच्या गर्दीत, सैन्याच्या न्हाव्याने त्याचे केस कापले. मेम्फिसमधला, गाणी गाजण्याआधी ट्रक चालवणारा, हा गरिबाघरचा पोरगा. अठरा पूर्ण झाली की तुझ्या चौघांनाही भरतीसाठी नाव नोंदवावं लागणार आहे. त्यांच्यातल्या एखाद्याने तो फोटो वर्तमानपत्रातून कापून खिशात ठेवला असेल, तर तो बाहेर काढून बाकीच्यांना दाखवताना त्याला एकही वाक्य देऊ नकोस. फक्त दुसरा हात आपोआप स्वतःच्या मानेवर, त्या शिवणीवर जाऊ दे.

प्रयोगानंतर हे मळण नुसत्या शाम्पूने निघत नाही, मुलं वैतागतील. आधी कोरड्या केसांतच भरपूर खोबरेल तेल चोळायचं, दहा मिनिटं थांबायचं, जुन्या फडक्याने पुसायचं, मग गरम पाण्याने दोनदा शाम्पू. उशीला जुनी खोळ घालायला सांग. पहिल्या रात्री थोडं राहतंच.